आगीच्या वर्षाची उशी

१

उशांच्या त्या कंपनीत कुणालाच धड जागं राहता यायचं नाही, म्हणून चोरी झाली हे कळायला सकाळचे दोन चहा व्हावे लागले.

हवाच तशी होती तिथली. पिंजण्याच्या खोलीतून कापसाचे बारीक तंतू उठायचे, खिडकीतल्या उन्हात तरंगत राहायचे आणि बघणाऱ्याच्या पापण्यांवर अलगद येऊन बसायचे. माल न्यायला आलेले ट्रकवाले फाटकातच तोंडावर पाणी मारून घ्यायचे. एकदा कर तपासायला एक साहेब आले होते. ते तिसऱ्या पानावर जे झोपले ते दुसऱ्या दिवशी उठले आणि "सगळं ठीक आहे" असं लिहून निघून गेले. छपरावरची कबुतरंसुद्धा तिथे उडता उडता जांभई देतात म्हणे. कबुतराची जांभई पाहिलेला माणूस मात्र अजून भेटायचाय.

सरासरीमावशी त्या दिवशी आली ती कामाला. कंपन्यांच्या किमती ठरवण्यात तिचा जन्म गेला होता. कुणी म्हणालं, "मावशी, आज फार खूश आहे मी," की ती विचारणार, "आजच, की एरवीही असतोस?" म्हणून तिचं नाव सरासरीमावशी पडलं. खरं नाव तिच्या नवऱ्यालाही आठवून सांगावं लागे.

वरच्या मजल्यावर एक लांब, शांत खोली होती. तिला सगळे झोपेची खोली म्हणत. भिंतीला एक रुंद फळी, आणि फळीवर ओळीने दहा लहान उशा. आज त्या मावशीच्या समोर तराजूवर चढायच्या होत्या. फळीपाशी मालकांच्या घरातली धाकटी उभी होती, हात कमरेवर आणि चेहरा पांढराफटक.

"मावशी, मोज बरं. मला झोप आलीय म्हणून कमी दिसतायत की काय?"

मावशीने मोजल्या. मग चष्मा पुसून पुन्हा मोजल्या. उशा नऊच होत्या. मधे एका उशीएवढी जागा रिकामी होती, दात पडल्यासारखी.

"कुठली गेली गं?"

"आगीच्या वर्षाची."

मावशीने स्टूल ओढलं, वर चढली आणि रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं. पुढे काही नव्हतं. पण पार मागे, भिंतीला चिकटून, पिवळट कापसाचे तीन-चार धागे होते. तिने ते चिमटीत धरून उजेडात पाहिले आणि रुमालात बांधून ठेवले.

तेवढ्यात मागून दादाचा आवाज आला. दादा म्हणजे तिघा भावंडांत थोरला, सगळी कंपनी चालवणारा.

"मोजून काय उपयोग, मावशी? चोर तुझ्या शेजारीच उभा आहे."

२

आता या उशांचं काय प्रकरण होतं ते सांगायला हवं, नाहीतर उशीसाठी भावंडं भांडली असं वाटायचं.

कंपनी काढली तिघांच्या बाबांनी. बाबांना आकड्यांचा राग नव्हता, पण एकट्यादुकट्या आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. ते म्हणायचे, "एका वर्षाच्या नफ्यावरून कंपनीची किंमत ठरवायची म्हणजे पोटभर जेवून उठलेल्या माणसाचं वजन करायचं." आणि खरंच होतं ते. गेल्या वर्षी कुण्या डॉक्टरने सांगितलं की मानेखाली दोन उशा घ्या, आणि सगळ्या मुलखाने घेतल्या. नफा असा टम्म फुगला की दादाला हसू आवरेना. पण त्या एका वर्षावर भाव लावला, तर घेणारा बुडालाच समजा. तसंच ज्या वर्षी गोदामाला आग लागली, त्या वर्षावर लावला तर विकणारा बुडाला. म्हणून बाबा दहा वर्षं एकत्र धरायचे. दहात चांगली येतात, वाईट येतात, मधलीही येतात.

पण नुसती दहा वर्षांची बेरीज करून भागत नाही. दहा वर्षांपूर्वी ज्या पैशात गाडीभर कापूस यायचा, त्यात आता जेमतेम पोतं भरतं. तेव्हाचे हजार आणि आताचे हजार एका रांगेत बसवले, तर जुनी वर्षं उगाच गरीब दिसतात. मग बाबांनी शक्कल काढली. वर्ष संपलं की बघायचं, त्या नफ्यात त्या वेळच्या भावाने किती कापूस आला असता. त्याच्या प्रमाणात तोलून एक लहानशी उशी भरायची. पैशाचं मोल उतरतं, कापसाचं वजन उतरत नाही. नवी उशी फळीवर चढली की सगळ्यात जुनी उसवायची.

हिस्सा विकायची वेळ आली की दहाही उशा तराजूत टाकायच्या. वजनाचा दहावा भाग म्हणजे कंपनीचं नेहमीचं वर्ष. त्या प्रमाणात जो कापूस होईल त्याला आजचा भाव लावायचा आणि सोळाने गुणायचं, झाली कंपनीची किंमत. सोळाच का, असं कुणी विचारलं की बाबा म्हणत, "सोळा वर्षं धीर धरायची तयारी नसेल तर उशी विकत घ्या, कंपनी घेऊ नका."

तिघा भावंडांचे हिस्से सारखे. धाकटीला आपला हिस्सा विकून तळ्याकाठची एक शेड घ्यायची होती. ती आणि तिचा नवरा तिथे होड्या दुरुस्त करणार होते. लहानपणापासून तिला या कापसात गुदमरल्यासारखं व्हायचं. उशांच्या भावाने हिस्सा गेला तर शेड होत होती, अगदी काठावर. शेडवाला म्हातारा संध्याकाळपर्यंत थांबणार होता, नंतर दुसरं गिऱ्हाईक दाराशी उभं होतं.

आणि बाबांनी एक पाचर मारून ठेवली होती. वाईट वर्ष लपवायचा मोह विकणाऱ्यालाच होणार, हे ओळखून त्यांनी लिहून ठेवलं होतं : एक जरी उशी कमी भरली, तर उशांचा भाव रद्द. मग वहीतले दहा वर्षांचे पैसे जसे आहेत तसे घेऊन सरासरी काढायची. म्हणजे वहीचा भाव.

आगीच्या वर्षाची उशी सगळ्यांत चपटी. दादाचा हिशेब सरळ होता : ती नाही म्हणजे सरासरी वर गेली. वर गेली म्हणजे फायदा धाकटीचा.

"नेली तरी कशाला?" दादा म्हणत होता. "मागितले असतेस तर चार पैसे जास्त दिले नसते का मी?"

"दादा, मी हात लावला नाही रे!"

"मग काय उशी चालत गेली?"

मावशी स्टुलावरून उतरली. "संध्याकाळ व्हायची आहे अजून," ती म्हणाली. "सगळे खाली जा. आणि कुणी झोपू नका. म्हणजे झोपा, पण फाटकाबाहेर जाऊ नका."

जाताना धाकटीने तिचा हात धरला. "मावशी, वहीच्या भावाने शेड नाही होत गं."

मावशी जिन्यात थबकली. तिच्या मनात काहीतरी कुसळासारखं टोचलं होतं.

३

आधी हिशेबनीस. तो काचेच्या खोलीत दारं-खिडक्या लावून बसायचा, नाकाला रुमाल बांधून. बिचाऱ्याला कापसाची शिंक होती. आणि शिंक म्हणजे साधी नव्हे. त्याच्या एका शिंकेने पॅकिंगमधल्या उशांची थप्पी कोसळल्याचं सांगतात. कुणी म्हणतं एक थप्पी, कुणी म्हणतं भिंतच.

"मला विचाराल तर चोराला हार घाला," तो म्हणाला. "बाहेरच्या जगात माणसं गेल्या वर्षाचा नफा बघतात आणि किंमत सांगतात. आम्ही काय करतो? उशा तोलतो! चार हिशेबनीस भेटले की मी धंदा बदलून सांगतो."

"तुमच्या पद्धतीने धाकटीला किती मिळतील?"

"दुपटीच्या आसपास!"

"आणि पुढच्या वर्षी लोक पुन्हा एकाच उशीवर झोपायला लागले तर?"

हिशेबनीसाने नाकावरचा रुमाल घट्ट केला. मग म्हणाला, "ते पुढच्या वर्षी बघू."

"बरं, आणि वहीचा भाव?"

"छे छे! तो तर उशांपेक्षा वाईट. दहा वर्षांपूर्वीचा पैसा आणि आजचा पैसा सरसकट मिसळायचा? निम्मा भावही येणार नाही. ज्याने केली ही चोरी त्याला..." त्याला बोलता बोलता मावशीच्या खांद्यावरचा कापूस दिसला. त्याने डोळे मिटले. खिडक्यांची तावदानं थरथरली, कॅलेंडर खाली पडलं, आणि पार फाटकाशी स्टुलावर झोपलेला पहारेकरी ओरडला, "कोण आहे तिकडे?"

मावशी तशीच फाटकाशी गेली.

"काल रात्री अशी शिंक ऐकलीत का हो?"

"नाही बाई. मी झोपूनच पहारा करतो, पण ती शिंक चुकायची नाही. वर्षातून चारदा उठतो, चारही वेळा त्यांच्यामुळेच."

झोपेच्या खोलीत कापूस तर नुसता तरंगत असतो. तिथे जाऊन हा माणूस न शिंकता परत येणं शक्यच नव्हतं. आणि आला असता तरी कशासाठी? त्याला हवी होती ती पद्धत या चोरीने येणारच नव्हती.

मावशीने मनातल्या मनात एक नाव खोडलं. तरीही तिचा चेहरा उजळला नाही. निम्मा भावही येणार नाही, हे तिच्या कानात घुमत होतं. चोरी धाकटीने केली असती, तर तिने स्वतःच्याच होडीला भोक पाडल्यासारखं झालं असतं. तिला नियम पाठ होता. उशी कमी आहे हे तर आंधळ्यालाही कळलं असतं.

म्हणजे ज्याने उशी नेली, त्याला ती लपवायची नव्हतीच. हरवलेली दिसायला हवी होती.

४

दादा गाद्या तपासायच्या खोलीत एका गादीवर पालथा पडला होता. तिथे वीसेक गाद्या मांडलेल्या. प्रत्येकीवर माणूस झोपून बघायचं आणि उठला नाही तर गादी पास. मावशी शेजारच्या गादीवर आडवी झाली. तिला वाटलं, आपण पाण्यावर पडलोय आणि छत हळूहळू लांब जातंय. तिने स्वतःला चिमटा काढला.

"दादा, धाकटीचा हिस्सा कोण घेणार? तू एकटा?"

"एकटाच. ताईने आधीच सांगितलंय, मी यात पडत नाही, माझा हिस्सा माझ्यापाशी."

"मग आजची चोरी तुला सोन्यासारखी आहे की."

दादा उशीतून डोकं वर काढून बघत राहिला. "मला? ते कसं?"

"वहीचा भाव लागणार ना आता."

"हो ना! त्याचंच तर टेन्शन आहे. वहीत गेल्या वर्षाचा आकडा बघितलास? एवढा मोठा! उशांत तरी तो थोडा दबतो. वहीच्या भावाने मला कर्जच काढावं लागणार. काढीन. बाबांचा नियम आहे. पण तिने असं करायला नको होतं, मावशी. उशी नेली तरी तिचा फायदा, पकडली गेली तरी तिचाच फायदा. एवढी हुशार कधी झाली ती?"

मावशीने मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. कंपनी चालवणाऱ्या या दांडगट माणसाला जुना पैसा आणि नवा पैसा यांतला फरक आजवर कुणी समजावला नव्हता. आपल्याला हे महागात पडतंय असंच त्याला वाटत होतं, आणि तरीही तो कर्ज काढायला निघाला होता.

"तू गाद्याच विक रे बाबा," ती म्हणाली आणि उठली.

दादाचंही नाव खोडलं गेलं. आता उरली होती फक्त ताई. आणि ताईला तर भाव वर गेला काय नि खाली आला काय, एक पैशाचा फरक पडत नव्हता.

मावशी दारात उभी राहून डोळे चोळू लागली. पैशासाठी चोरी करणारं कुणी शिल्लकच नव्हतं.

५

ताई पॅकिंगमध्ये होती. तिचे हात बघत राहावेत असे. उशी आली की दोन थापा, एक कोपरा ओढला, अभ्रा चढला, पुढची उशी. बोलताना ती हातांकडे बघायचीही नाही. तिच्या हाताखाली आलेली चपटी उशी चपटी म्हणून कधी पुढे गेली नाही. तोंडाने ती कुणाशी भांडत असायची आणि हात बाजूच्या पोत्यातून कापूस घेऊन भरत असायचे.

"ये मावशी. बस. दमलीस ना? त्या दादाने सकाळपासून नुसता गोंधळ घातलाय. धाकटी चोर म्हणे! तिला धड खोटंही बोलता येत नाही. लहान असताना साखर खाल्ली की स्वतःच येऊन सांगायची."

"मग कोणी नेली असेल?"

"असेल कुठेतरी पडलेली. उंदराने नेली असेल."

"उशी?"

"इथले उंदीर सुखवस्तू आहेत, मावशी."

मावशी मनापासून हसली. मग म्हणाली, "पण पोरीची शेड जाणार गं."

ताईचे हात थांबले नाहीत, जरा सावकाश झाले. "जाऊ दे. वहीत जुनी वर्षं किडुकमिडुक दिसतात, त्या सरासरीत कसली शेड होतेय! राहील इथेच. तळ्याकाठी काय आहे? ओल आणि डास. तिचा जीव तो केवढा. इथे मी आहे, दादा आहे."

"हं."

"आणि उशी सापडली ना, की आधी माझ्याकडे दे हो. कोपरा उसवलाय बिचारीचा. सगळा कापूस गळून जायचा."

मावशीने मोठी जांभई दिली. "देईन. मला जरा पडू दे गं कुठेतरी. ती मागची खाट आहे ना तुझी?"

"तिथे नको!" ताई पटकन म्हणाली. "खाट मोडकी आहे. दादाच्या खोलीत जा, वीस गाद्या आहेत."

"मला मोडक्याच खाटा आवडतात. माझ्या वयाच्या असतात." आणि मावशी पडद्यामागे जाऊन आडवी झालीसुद्धा.

खाट चांगली होती. नव्या, पांढऱ्याशुभ्र अभ्र्यातली उशीही चांगली गुबगुबीत होती. पडद्यातून ऊन झिरपत होतं, तंतू तरंगत होते, लांबून पिंजणाऱ्या यंत्राची घरघर येत होती. एखाद्या दगडालाही झोप लागली असती. मावशीने कूस बदलली, पुन्हा बदलली. उशीला थोपटलं, उलटी केली.

त्या कंपनीत आजवर जे कुणाच्याच बाबतीत घडलं नव्हतं ते तिच्या बाबतीत घडत होतं. मावशीला झोप येत नव्हती.

६

उन्हं कलली तेव्हा सगळे झोपेच्या खोलीत जमले. दादा, ताई, धाकटी, आणि दाराबाहेर नाक दाबून हिशेबनीस. मावशीच्या काखेत ती गुबगुबीत उशी होती. ताई तिच्याकडे बघत नव्हती.

"ऐका," मावशी म्हणाली. "चोरीने भाव वर जात नाही, खाली येतो. दादा, तुला नंतर समजावते, तोंड मीट. खाली आला की धाकटीचं नुकसान, म्हणजे ती चोर नव्हे. हिशेबनीस इथे आले असते तर फाटकापर्यंत कळलं असतं. दादाला वाटतं खालचा भाव म्हणजे वरचा. म्हणजे त्याच्या लेखी चोरी करून तो स्वतःच्याच खिशाला कात्री लावणार."

"मी कशाला..."

"म्हटलं ना, तोंड मीट. भाव पडून पैसा कुणाला मिळतो हेच मी दिवसभर विचारत बसले. पण भाव पडला की आणखीही एक गोष्ट होते. शेड जाते. आणि शेड गेली की धाकटी कुठे राहते?"

एक तंतू उन्हाच्या पट्ट्यातून खाली आला आणि तराजूच्या पारड्यावर टेकला.

"या फळीवर शिवण नेहमी भिंतीकडे असते," मावशी पुढे म्हणाली. "समोरून बघणाऱ्याला मागचा कोपरा उसवलाय हे दिसायचं नाही. गळलेला कापूसही मागेच होता, मला स्टुलावर चढून हात घालावा लागला. आणि आज एकीने मला सांगितलं, बिचारीचा कोपरा उसवलाय. उशी हातात धरल्याशिवाय ते कळत नाही, ताई."

ताईने ओढणीचं टोक हातात घट्ट धरलं होतं. "तुला सापडली कशी? मी तर अभ्रासुद्धा बदलला होता."

"झोप लागेना म्हणून. तुमच्या कुठल्याही उशीवर माणूस आडवा झाला की गेला. हिच्यात मात्र जुना कापूस एकीकडे गोळा झालाय आणि नवा दुसरीकडे पळतोय. दोन वयाचे कापूस एका खोळीत नांदत नाहीत. पण मला एक सांग, चोरून नेलीस ती नेलीस, भरलीस कशाला?"

"भरली?" दादा किंचाळला.

ताईने ओढणीचं टोक सोडलं. मग एकदम तिचा बांध फुटला. "मी काय मुद्दाम भरली? मांडीवर घेऊन बसले होते. विचार करत होते, धाकटी गेली तर संध्याकाळी बोलायचं कुणाशी. कोपरा उसवलेला दिसला म्हणून सुई घेतली. आणि मग... रिकामी उशी हातात आली की हात ऐकतात का माझे? टाका घालून बघते तर ही एवढी मोठी! मग तर परत ठेवायचीही सोय राहिली नाही."

"आणि मला चोर म्हणत होते तेव्हा?" धाकटी म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

"मला वाटलं नव्हतं गं तुझ्यावर घेतील. वाटलं, सगळे मिळून उंदराला म्हणतील."

कुणालाच हसू आलं नाही. मावशीने अभ्रा काढला. खाली जुनी खोळ होती आणि तिच्या कोपऱ्यात लाल धाग्याची एक बारीकशी ज्वाळा. आगीचं वर्ष.

"आता दहा झाल्या," दादा सुटकेचा श्वास टाकत म्हणाला. "चढवा तराजूवर."

"नाही," धाकटी म्हणाली. "ही अशी नाही तोलायची."

७

बरोबर होतं तिचं. भरलेली उशी तोलली असती तर आगीचं वर्ष भरभराटीचं झालं असतं आणि दादाला नसलेल्या नफ्याचे पैसे द्यावे लागले असते. वजन तर बाबा कधी लिहून ठेवत नसत, आणि त्या वर्षाची कापसाची बिलं आगीतच गेली होती.

मावशीने खिडकीखाली एक पांढरी चादर पसरली. ताईने स्वतःचेच टाके उसवले. चौघं चादरीभोवती बसली आणि कापूस निवडायला लागली. आगीच्या वर्षाचा कापूस ओळखू येत होता. पिवळट, दबलेला, अजून धुराचा किंचित वास असलेला. ताईने भरलेला नवा नुसता दुधासारखा. पिवळा इकडे, पांढरा तिकडे. बाहेर ऊन केशरी होत होतं. मावशीला वाटलं, आपण ढग निवडतोय आणि कालचे कुठले नि आजचे कुठले ते ठरवतोय.

शेवटी मधोमध एक पुंजका उरला. ना धड पिवळा, ना धड पांढरा. दोन्हींचे धागे एकमेकांत गुंतलेले.

"हा जुनाच आहे," ताई म्हणाली आणि पुंजका पिवळ्या ढिगात टाकला.

धाकटीने तो उचलून पांढऱ्यात टाकला. "नवा आहे."

"जुना आहे म्हणते ना! मी भरला, मला माहीत."

"तू भरलास म्हणूनच नवा आहे. तो पिवळ्यात गेला की भाव वाढतो. मला नको तुझं दान."

"दान कसलं? हक्काचं आहे तुझं! तळ्याकाठी ओल असते, छप्पर नवं घालावं लागेल..."

"कालपर्यंत मला जाऊ देत नव्हतीस!"

"आजही नाही देत! पण जायचंच आहे तर धड छप्पर घालून जा!"

पुंजका इकडून तिकडे, तिकडून इकडे. दादा हताशपणे मावशीकडे बघत होता. "मावशी, जिला महाग विकायचंय ती स्वस्त म्हणतेय, जिने भाव पाडायला चोरी केली ती चढवायला भांडतेय. माझं डोकं आता खरंच चालत नाही."

"तुझं चालायला लागलं तर कंपनी बंद पडेल." मावशीने पुंजका हातात घेतला, बरोबर मधोमध फाडला आणि अर्धा इकडे, अर्धा तिकडे टाकला. "संपलं. जन्मभर हेच केलंय मी."

पिवळा कापूस जुन्या खोळीत गेला. उशी पुन्हा चपटी झाली. दहाही उशा तराजूवर चढल्या. हिशेबनीस दारातूनच आकडे ओरडत राहिला, दहावा भाग, आजचा भाव, गुणिले सोळा, भागिले तीन. आकडा लिहून मावशीने कागद धाकटीपुढे धरला. तिने तो वाचला, पुन्हा वाचला आणि छातीशी धरला. शेड होत होती, अगदी काठावर.

दादाने सही केली. धाकटी म्हाताऱ्याला गाठायला धावत जिन्याकडे गेली आणि वरच्याच पायरीवर थांबली. मागे वळून ताईकडे बघत राहिली. ताई चादरीवर उरलेला पांढरा कापूस गोळा करत होती. मान वर न करता ती म्हणाली,

"त्या शेडमध्ये उशा आहेत का गं?"

"नाहीत."

"मग झोपणार कशावर? दोन पाठवते उद्या. तुला एक आणि त्यांना एक."

धाकटी कठड्याला धरून उभी राहिली. तिचा राग अजून गेला नव्हता, तो चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

"तीन पाठव," ती म्हणाली. "आणि तिसरी स्वतः घेऊन ये."

मग ती जिना उतरून गेली. ताईचे हात मात्र आधीच पांढऱ्या ढिगात शिरले होते.